गाडीचा पोळा

स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, एक काळी मूठ आहे. आवळ्याएवढी. ती ओढली की आत तार ताणली जाते, पुढे बोनेटची कडी सुटते आणि 'टक्' असा आवाज येतो. निदान यायचा. यंदा आषाढापासून मी ती मूठ रोज ओढून पाहत होते आणि ती भिंतीतल्या खुंटीसारखी जागच्या जागी होती.

गाडी बाबांची. अँबेसेडर. एकेकाळी पांढरी, आता जुन्या धोतराच्या रंगाची. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावहून आमच्या गावाकडे वळलं की दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात, आणि बांध्या संपतात तिथे आमची लहानशी धानाची गिरणी होती. तांदळाचे नमुने फडक्यांत बांधून गोंदियाला न्यायचे, म्हणून बाबांनी ही गाडी कुणाकडून तरी जुनीच घेतली. पुढे बाबा गेले, गिरणी थांबली आणि गाडी कोठ्यात बैलांच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग बैलही गेले. माझ्या धाकट्या भावाने, दिनाने, ट्रॅक्टर घेतला. कोठ्यात गाडी एकटीच उरली, आणि गव्हाणीवर चिमण्या.

मी नागपुरात शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई. हातात पाना-पक्कड कधी धरली नव्हती. पण माय उन्हाळ्यात आजारी पडली, मी राहायला आले, आणि दुपारी ती निजली की करायला काही नसे. एका दुपारी कोठ्यात गेले, गाडीच्या काचेवरची धूळ पुसली आणि आत डोकावले. झालं. दुसऱ्या दिवशी मी बिजागऱ्यांना तेल देत होते, तिसऱ्या दिवशी सीटचं फाटलेलं रेक्झिन शिवत होते. दारं कुरकुरायची थांबली, काचा खालीवर व्हायला लागल्या, चाकांत हवा टिकायला लागली. बाहेरून जे जे करता येतं ते सगळं झालं. आतलं करायचं तर बोनेट उघडायला हवं, आणि बोनेट उघडायची ती एकच मूठ.

माय आजारातून उठली खरी, पण उठली ती जरा वेगळीच माय. तिने आवराआवर काढली. पाण्याचा पितळी गुंड सुनेला दिला, पाटा-वरवंटा शेजारणीला दिला, चांगली लुगडी एकेक करून वाटली. कुणी काही म्हटलं की एकच उत्तर, "पुढल्या साली मी कुठं आहो?" हे ती रडून म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. ती बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी सांगायची. घरामागच्या सांदवाडीत दर पावसाळ्यात ती वालाच्या शेंगांचा वेल चढवते. यंदा तिने बी टोचलंच नाही. मी विचारलं, "माय, वेल काऊन नाही लावला?" तर म्हणाली, "शेंगा थंडीत येतेत. थंडीत कोन खाईल?"

खाणारी चार माणसं घरात होती. पण तिच्या हिशेबात ती नव्हती, म्हणजे कुणीच नव्हतं.

अशात नागझिऱ्याच्या रस्त्यावर नवं रिसॉर्ट काढणारे एक गृहस्थ दिनाला भेटले. त्यांना गेटसमोर उभी करायला जुनी गाडी हवी होती. आत माती भरून फुलझाडं लावायची, आणि बोनेटवर सिमेंटचा वाघ बसवायचा. वाघाचा फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. वाघ बसलेला होता आणि हसत होता. दिनाला कोठा रिकामा हवाच होता. त्याने मायला विचारलं, कारण गाडी अजून तिचीच.

"नेऊ दे," माय म्हणाली. "मले काय कराची आहे आता?"

मला राग आला तो गृहस्थांचा नाही, वाघाचाही नाही. 'आता' या शब्दाचा आला. गुंड गेला, पाटा गेला, ते मी पाहत राहिले होते. ही गाडीही अशीच हातावेगळी झाली तर मायकडे द्यायला उरतं काय? मला गाडी हवी होती, पण त्याहून जास्त ही आवराआवर कुठेतरी अडायला हवी होती. मी दिनाला गाठलं.

"गाडी देऊ नकोस. मी चालू करते ती."

"बाई, चालू कराले आंधी बोनेट तं उघडाव लागते," दिना म्हणाला. तो मला बाईच म्हणतो, मोठी बहीण म्हणून. "मी ओढून पाहिलं. दोन हातानं ओढलं. माहा थ्रेशर पान्यात भिजून राहिला, मले कोठा पायजे."

"उघडलं तर?"

तो हसला. दिना मनाचा वाईट नाही, फक्त घाईचा आहे. "कापाकापी न करता उघडलंस तं मीच त्यायले फोन करून नाई म्हनतो. पन पोरा होईपर्यंत. पाडव्याच्या सकारी ते ट्रक घेऊन येऊन राहिले."

पोरा म्हणजे पोळा. आमच्या झाडीपट्टीत 'ळ' जिभेवर टिकत नाही. आणि पाडवा हा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्या पहाटे गावातून मारबत निघते, पळसाच्या फांद्या घेऊन पोरं ओरडत जातात, खोकला-पडसं, रोगराई, घरातलं नको ते सगळं घेऊन जाय गे मारबत. ट्रकवाल्यांनी नेमका तोच मुहूर्त धरला होता.

"गाडी काही मारबत नाही," मी म्हटलं, आणि कोठ्यात गेले.

गोरेगावहून एक मिस्त्री आला. त्याने मोटरसायकल लावली, गाडीभोवती एक फेरी मारली, मूठ ओढली, गंज सोडवायचा स्प्रे मारला, चहा प्यायला, पुन्हा ओढली. "ताई, केबल जाम आहे पूरी. जाली कापून देतो समोरची, दो मिनट का काम." समोरची जाळी म्हणजे गाडीचं नाक. नाक कापून तोंड उघडायचा हा उपाय मला पटेना. तो गेला, स्प्रेचा डबा तेवढा ठेवून गेला. त्याच्या जोरावर मी रोज सकाळी गाडीच्या फरशीवर उताणी पडायचे, डॅशबोर्डखाली डोकं घालायचे, मुठीच्या मागे तार जिथे कव्हरात शिरते तिथे फवारा मारायचे, थांबायचे, ओढायचे. मग बोटं लाल व्हायची. मग तशीच पडून राहायचे.

उताणं पडलं की गाडीचं छत दिसतं, आणि त्या छताला आमचं सगळं लहानपण चिकटलेलं आहे.

थंडीच्या सकाळी बाबा कानाला मफलर गुंडाळून कोठ्याकडे निघाले की आम्ही दोघं मागे. ते आत हात घालून मूठ ओढायचे, 'टक्' व्हायचं, आणि आम्ही धावत पुढे जाऊन उभे. बोनेट वर गेलं की आतून एक वास यायचा, पेट्रोलचा, तापलेल्या रबराचा, आणि त्यात मिसळलेला गिरणीच्या भुशाचा. गिरणीचा भुसा आमच्या घरात सगळीकडे असायचा, डोक्यात, गाद्यांत, डाळीत. गाडीने तरी त्यातून का सुटावं? रात्री तापलेल्या इंजिनावर मांजर येऊन निजायचं. बाबा आधी मांजराला उठवायचे, मग पाणी बघायचे, मग तेल. मांजर जाताना असं बघून जायचं की गाडी त्याचीच आणि आम्ही पाहुणे.

दिवाळी झाली की गावोगावची मंडई, म्हणजे जत्रा, सुरू होई. धान कापून खळ्यावर आलेलं असे, तणसाचे ढीग उभे राहत, आणि पाहुणे एका गावची मंडई आटोपून दुसऱ्या गावच्या मंडईला निघत. आम्ही गाडीत किती माणसं बसायचो ते सांगितलं तर खोटं वाटेल. मांडीवर माणूस, माणसाच्या मांडीवर डबा. पण जेवणाचा मोठा डबा मांडीवर नसायचा. तो माय पळसाच्या पानांत गुंडाळून, फडक्यात घट्ट बांधून बाबांकडे द्यायची आणि बाबा तो बोनेटखाली इंजिनाच्या शेजारी बसवायचे. मंडईच्या गावी पोहोचलं की 'टक्', आणि आतून गरम वडे. त्यांना इंजिनाचा किंचित वास असायचा. पुढे नागपुरात मी चांगल्या चांगल्या ठिकाणी जेवले, पण वड्यांत काहीतरी कमी आहे असं मला कायम वाटत आलं.

एकदा महाशिवरात्रीला नागऱ्याच्या देवळातून परतताना गाडी तापली. बाबांनी रस्त्याच्या कडेला उभी केली, बोनेट उघडलं, वाफ निघून जाईपर्यंत आम्ही बांधावर बसलो. धान निघून गेलेल्या बांध्यांत जवस फुललेला होता. निळा, फिका, वाऱ्याने एका बाजूला कललेला. माय म्हणाली, "बसा, तिले दम घेऊ द्या." बाबांनी मान डोलावली. त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं फार नसायचं, पण गाडीबद्दल ते माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. तिला तहान लागली, तिला थंडी वाजते, तिचं तोंड उघड. बोनेटला बाबा तोंडच म्हणायचे.

त्या निळ्या फुलांचं तेल घाणीवरून मडक्यात यायचं. स्वयंपाकाला तेच, दाराच्या चौकटींना तेच, आणि पोळ्याला बैलांच्या शिंगांनाही तेच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे. वर्षभर जुवाखाली राबलेले खांदे. गरम पाण्याच्या फडक्याने शेकून, हळद-तेल चोळून, बैलांच्या कानाशी म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बाबा बैलांना आवतन द्यायचे आणि माय मागे कंदील धरून उभी असायची. बैल कान हलवायचे. आम्हाला वाटायचं, हो म्हणाले.

पोळा जवळ येत गेला. बाजारात मातीचे बैल आले, पोरांच्या हातात लाकडी नंदी आले. स्प्रेचा डबा संपला. दिना जाता-येता कोठ्यात डोकावायचा. त्याच्या डोकावण्याने मी आणखी चिडायचे आणि आणखी नेटाने पडून राहायचे. रिसॉर्टवाल्यांचा एकदा फोन आला, वाघ तयार झाला म्हणून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मी मागच्या सीटवर टेकले होते. कोठ्याच्या दारात माय आली. एका हातात वाटी, दुसऱ्यात पळसाचं पान. मी आत आहे हे तिने पाहिलं नाही. ती गाडीसमोर उभी राहिली. पुढच्या दोन चाकांवरचे फुगवटे तिने आधी ओल्या फडक्याने पुसले, मग त्यांना हळद-तेल चोळलं, हळूहळू, गोल गोल. बैल असतानाही ती असं चोळताना मी पाहिलं नव्हतं, ते काम बाबांचं. मग तिने दार उघडलं, गुडघ्यावर हात टेकत वाकली, आणि पानाचं टोक वाटीत बुडवून मुठीच्या मागे, तार आत शिरते नेमकी तिथे, तेलाची धार सोडली.

"आज आवतन घे व माय," ती गाडीला म्हणाली, "उद्या जेवाले ये."

"माय," मी म्हटलं.

ती दचकली नाही. "तू इथंच आहेस का? बरं झालं. उठव मले."

मी तिला धरून उभी केली. "हे तेल तिथं कायले टाकलंस?"

"जेवाले बोलावलं तं तोंड उघडाले नको? तुहा बाप सांगे, या दोरीनं हिचं तोंड उघडते. कोरडी पडली का अडते म्हने."

"दर साली टाकतेस?"

"तो गेला तवापासून. एक पोरा चुकला नाई." मग वाटी सावरत ती म्हणाली, "जाऊनच राहिली तं उपाशी कायले पाठवाची?"

वाटी माझ्या नाकाखाली होती. मला वास आला, आणि तो वास मला दोनदा ओळखीचा होता. एकदा पोळ्याचा, आणि एकदा माझ्या रंगांच्या पेटीचा. जवसाचं तेल. तैलरंगात आम्ही तेच घालतो, आणि का घालतो हे मी मुलांना जन्मभर शिकवलं. कारण ते वाळतं. शेंगदाण्याचं वाळत नाही, जवसाचं वाळतं, थरावर थर बसत जातो आणि शेवटी लाखेसारखा घट्ट होतो. मी आषाढापासून गंजावर औषध देत होते आणि रोग गंजाचा नव्हताच. मायने दर पोळ्याला गाडीचं तोंड उघडावं म्हणून तेल टाकलं, आणि दर पोळ्याला ते तोंड थोडं थोडं मिटत गेलं.

हे मी तिला सांगितलं नाही. स्वतःला घरातून वजा करत चाललेल्या बाईला 'तुझ्यामुळेच अडलं' हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

पण आता मला काय करायचं ते कळलं होतं. पोळ्याच्या सकाळी मी रंगांच्या पेटीतलं, वाळलेलं तेल सैल करणारं टर्पेंटाइन घेतलं, पक्कड घेतली आणि कोठ्याकडे निघाले. दारात माय.

"कुठं चालली?"

"गाडीचं काम आहे."

"आज नाई. आज पोरा आहे. आज तिच्याकडून काम नाई घ्याचं."

"माय, ती गाडी आहे."

"आवतन दिलं ना मी तिले? पोराच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू नाई ठेवत. ओढाताण नाई कराची आज."

मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या सकाळी ट्रक यायचा होता. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, ट्रक उद्या येईल, पोरा आज आहे. उन्हाळ्यापासून कशालाच 'नको' न म्हणालेली बाई दारात आडवी उभी होती. मला एकदम हसू आलं आणि बरंही वाटलं.

"ओढत नाही," मी म्हटलं. "नुसतं शेकू का?"

ती विचारात पडली. "शेकाले कोन नाई म्हनते? शेकनं तं कराचंच."

मग दिवसभर आम्ही गाडीची केबल शेकली. डॅशबोर्डखालची सगळी तार, मुठीपासून पुढच्या पत्र्यापर्यंत, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यांनी गुंडाळायची, निवली की बदलायची. मधूनमधून कव्हराच्या तोंडात टर्पेंटाइनचे थेंब. माय उपड्या घमेल्यावर दाराशी बसली. आधी तिने नुसतं पाहिलं. मग म्हणाली, "पानी कोमट झालं तुहं." मग उठून स्वतःच चुलीवरचं पाणी बघून आली. मग मी फडकं पिळतेय तेही तिला पसंत पडेना. "घट्ट पिर. पानी नाई, ऊब लागली पायजे. घाई नको करू, चटका बसला तं बैल लाथ मारते." थोड्या वेळाने फडकी तीच पिळून देत होती आणि मी आत पडून लावत होते. गावातून पोळ्याच्या गाण्यांचा, झडत्यांचा आवाज येत होता. तोरणाखाली बैलजोड्या थोड्या आणि फुगे लावलेले ट्रॅक्टर जास्त. दिना त्याचा ट्रॅक्टर सजवून घेऊन गेला, परत आला, आम्हा दोघींना पाहून डोकं खाजवून गेला.

दुपारी केव्हातरी मी मूठ धरली. ओढायची नव्हती. फक्त धरली. पण इतके दिवस ती दगडात रोवल्यासारखी लागायची, आज ती बोटांखाली किंचित मऊ लागली. मला ओढायचा इतका मोह झाला की मी हात मागे बांधून घेतले. त्या दिवशी मायने अडवलं नसतं तर मी पहिल्याच मऊपणावर सगळा जोर लावला असता. मी माझा स्वभाव ओळखते.

पाडव्याला फटफटताच मारबत निघाली. पोरं ओरडत गेली, घेऊन जाय गे मारबत, आणि घराघरांतून दाराशी रोवलेल्या पळसाच्या फांद्या उपटून त्यांच्या मागे गेल्या. दिना आमच्या दाराची फांदी हातात घेऊनच कोठ्यात आला. "बाई, ट्रक निघाला म्हने तिकडून."

मी एक शेवटचं गरम फडकं लावलं. मग तार सोडून दिली आणि कव्हराला हात घातला. कव्हर थोडं डावीकडे फिरवायचं, थोडं उजवीकडे, मूठ जरा आत दाबायची, जरा बाहेर घ्यायची. बरणीचं घट्ट बसलेलं झाकण काढतात तसं. माय दाराशी होती. एकदा कव्हराच्या आत काहीतरी बारीकसं कुरकुरलं. मग तार कव्हरात नखभर सरकली. परत आत गेली. पुन्हा सरकली, बोटभर.

'टक्.'

दिना पुढे होता. त्याने बोनेटखाली बोटं घातली, दुसरी कडी शोधली आणि बोनेट वर उचललं. आतून उंदराच्या घरट्याचा वास आला, जुन्या पेट्रोलचा आला, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, इतक्या वर्षांनी, भुशाचा. इंजिनावर धुळीची गोधडी होती. दिना बराच वेळ वाकून आत पाहत राहिला. मोठा झालेला, डोक्यावर केस विरळ झालेला माझा भाऊ, टाचा उंच करून बोनेटमध्ये डोकावत होता, आणि मला वाटलं, आत ते मांजर तेवढं निजलेलं हवं होतं.

मग त्याने खिशातून मोबाइल काढला. मला वाटलं होतं, थोडी घासाघीस करेल. त्याने केली नाही.

"नमस्कार जी. ट्रक वापस बोलवा. नाई, देऊन नाई राहिलो. ... हाव, म्हनलं होतं, मले माफ करा. ... वाघ?" तो जरा थांबला. "वाघ तुम्ही दुसऱ्या कशावर बसवा न जी."

थ्रेशरवर ताडपत्री टाकायला म्हणून तो निघून गेला. जाताना गाडीच्या टपावर दोनदा थाप मारून गेला.

केबल आता बदलायलाच हवी होती. पुढची कडी सोडवून मी ती अख्खी बाहेर काढली, घरासमोरच्या सपरीत नेली, मायसमोर जमिनीवर ठेवली आणि कव्हरातून तार ओढून काढायला लागले. मुठीकडचा भाग आधी निघाला. पिवळा, चकचकीत, मधासारखा थर. नखाने खरवडला तर खाली तार नवी असल्यासारखी. मग पुढचा भाग निघाला, जिथे तेल कधी पोहोचलंच नव्हतं. तो तपकिरी, फुगलेला, आणि कडीजवळ तर दोनचार तंतूच उरले होते. कुणाचा एकदा जरी पुरता जोर तिथवर पोहोचला असता तर तार तुटली असती. तो पोहोचला नाही, कारण मध्येच जवसाने तिला धरून ठेवलं होतं.

मायने तार हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली, मग नाकाजवळ. पिवळ्या थरावरून अंगठा फिरवला. ती जवस पेरत आली, काढत आली, घाणीवर नेत आली. तिला ओळखायला किती वेळ लागणार?

"हे तं जवस आहे," ती म्हणाली.

मी कव्हर बाजूला ठेवलं.

"म्हनजे मीच."

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायचं ठरवून ठेवलं होतं, पण तिच्याकडे बघून ते जमेना. "वाळलं ते आत. पण तेल होतं तिथं गंज नाही चढला, हेही बघ."

तिने तेही बघितलं. दोन्ही टोकं जुळवून, बराच वेळ. बाहेर मारबतीच्या मागे गेलेली पोरं परत येत होती. मी वाट पाहत होते ते शब्द मला पाठ होते. माह्या हातानं सगळं बिघडलं, आता मी कुठं आहो, मले काय कराचं आहे. मी मनात उत्तरं जुळवत होते.

मायने तार खाली ठेवली आणि हात लुगड्याला पुसले.

"नव्या दोरीले कोनतं तेल लागते?"

"मशीनचं. पातळ असतं."

"घानीवर भेटते?"

"नाही. दुकानात मिळतं."

"मंग येत्या पोराच्या आंधी आनून ठेवजो," ती जरा चिडूनच म्हणाली. "आवतनाच्या दिवशी मी कुठं शोधत बसू?"

मी 'हाव' म्हटलं.